रविवारचा डोंगर

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची 1646 मीटर. सिमला शहर त्याहून कितीतरी वर वसलंय. त्यामुळे कागदावर पाहिलं तर सह्याद्री कुणालाच अवघड वाटत नाही. शनिवारी रात्री कसाऱ्याची शेवटची लोकल पकडायची, तिथून जीप करून बारी गाव गाठायचं, उजाडायच्या आत चढायला लागायचं आणि रविवारी रात्री जेवायला घरी. पुणेकरांना तर एवढंही करावं लागत नाही. लोणावळ्याच्या लोकलनं मळवलीला उतरलं की समोर लोहगड आणि विसापूर उभे असतात, वाटेत भाज्याची लेणी. नोकरी-संसारातून कसाबसा एक दिवस मोकळा करणाऱ्या माणसाला इतक्या जवळ आणि इतक्या स्वस्तात खराखुरा डोंगर मिळणं, हे मुंबई-पुण्याचं मोठं भाग्य आहे. हौशी ट्रेकरची सगळी मजा या जवळिकीत आहे आणि त्याच्या बहुतेक अडचणीही तिथेच सुरू होतात. हाताशी असलेला डोंगर सोपाही असणार, असं आपण मनाशी धरूनच निघतो.

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये डोंगरात लागणाऱ्या वेळेचा एक आडाखा मांडला. तो आजही जगभर वापरला जातो. दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरायचा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. बारीतून कळसूबाईचं शिखर जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे, पण चढ आठशे मीटरांहून जास्त. इमारतीच्या हिशेबात सांगायचं तर अडीचशेच्या वर मजले. नाइस्मिथच्या आडाख्यानं याला दोन तास पुरतात. प्रत्यक्षात हौशी मंडळींना तीन-साडेतीन तास लागतात, कारण तो आडाखा सरावातल्या माणसासाठी आहे आणि त्यात बसायचा, पाणी प्यायचा, फोटो काढायचा वेळ धरलेला नाही. हे आधीच ठाऊक असेल तर माणूस धापा टाकताना स्वतःला दोष देत बसत नाही आणि परतीची गाडी उशिराची ठरवतो.

पहिला अर्धा तास बहुतेकांना जड जातो. गाडीत रात्र काढलेली, झोप अर्धवट, पोटात चहा-बिस्किटं, आणि गाव संपताच खडा चढ लागतो. हृदय आणि फुप्फुसं वाढीव मागणीला जुळवून घ्यायला काही मिनिटं घेतात. नेमक्या तेवढ्याच वेळात उत्साहाच्या भरात पावलं झपाझप पडतात आणि वीस मिनिटांत छातीचा भाता होतो. जुने भटके या टप्प्यावर मुद्दाम रेंगाळत चालतात. शेजारच्याशी सलग वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा, ही त्यांची साधी कसोटी. ती शरीरशास्त्रालाही धरून आहे. अर्ध्या तासानंतर श्वास लयीत येतो आणि मग तोच माणूस दोन-दोन तास न कुरकुरता चालतो.

चढाची भीती सगळ्यांनाच असते. उतार मात्र बेसावध गाठतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असतानाच जोर लावतात. या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. त्यांची वेदना लगेच जाणवत नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. म्हणून रविवारी संध्याकाळी ‘काहीच झालं नाही’ म्हणणारा माणूस मंगळवारी ऑफिसचा जिना कठड्याला धरून, आडवा होत उतरतो. गंमत अशी, की अशा एका दुखण्यानंतर स्नायू शिकलेले असतात. काही आठवड्यांच्या आत पुन्हा तेवढाच उतार उतरला तर त्रास बराच कमी होतो. पण हे शिकणं काही महिन्यांत विरतं. पावसाळ्यात दोनदा आणि मग थेट पुढच्या पावसाळ्यात डोंगर चढणारा माणूस दर वेळी नव्यानं दुखणं विकत घेतो. मधल्या काळात घरच्या इमारतीचे जिने चढले, आणि विशेषतः उतरले, तरी मोठा फरक पडतो. लिफ्टनं वर जाऊन पायी खाली येणं हासुद्धा ट्रेकचा सराव आहे.

उताराचा दुसरा त्रास दगडाचा. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांचा बनलाय. कठीण थर कड्याच्या रूपानं उभे राहिले, मऊ थर झिजून उतरते पदर झाले. म्हणूनच इथल्या गडांना पायथा, मग रानाचा पदर, मग कातळ, वर माची आणि त्याहून वर बालेकिल्ला अशी चढती मांडणी सापडते. गड बांधणाऱ्यांनी डोंगराची ठेवण ओळखून तिचाच तट केला. पण हाच झिजलेला थर ट्रेकरच्या बुटाखाली येतो तेव्हा त्याला घसारा म्हणतात. टणक, तापलेल्या जमिनीवर सुट्या मुरमाचा पातळ थर, वर वाळलेलं गवत. पाय टाकला की खडे गोल फिरतात आणि बूट हातभर पुढे जातो. नवखा माणूस घाबरून मागे रेलतो, त्यामुळे टाचेवर भार येतो आणि तो हमखास आपटतो. जाणता माणूस गुडघे थोडे वाकवून, वजन पायांवर घेऊन, बारकी पावलं टाकत उतरतो. कारवीचं झुडूप हाताला आलं तर बुंध्याशी धरतो, शेंड्याशी नाही. घसाऱ्यावर उतरायला शिकलेल्या माणसाला सह्याद्रीत अर्धं यश मिळालेलं असतं, मग त्यानं किती किल्ले केलेत ते विचारायची गरज नाही.

बुटांचा प्रश्न इथेच येतो. महागडे, घोट्याच्या वर जाणारे बूट सगळ्यांना लागतातच असं नाही. महाराष्ट्रातल्या भटक्यांच्या कित्येक पिढ्यांनी ‘ॲक्शन’च्या साध्या ट्रेकिंग बुटांवर अख्खा सह्याद्री पालथा घातलाय. तळव्याची पकड पाहावी, बूट आधी आठवडाभर घालून पायाला बसवावेत, नखं कापावीत. जॉगिंगचे गुळगुळीत झालेले बूट घालून ओल्या कातळावर जाऊ नये. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

एवढा त्रास असूनही माणसं पुन्हा पुन्हा का जातात, याचं उत्तर प्रत्येक गडावर वेगळं मिळतं. राजगडावर संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चालताना, दोन भिंतींमधल्या अरुंद वाटेत वारा अचानक थांबतो आणि तिथे पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा विचार मनात येतो. इतिहासाच्या पुस्तकानं जे कळत नाही, ते अंगाला कळतं. शिवाजी महाराजांनी जवळपास पाव शतक इथून राज्य का केलं, हे गुंजवण्यातून चोरदरवाजाचा चढ चढून आलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हरिहरच्या पायऱ्यांचंही तसंच. जवळजवळ उभ्या कातळात खोदलेल्या त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हाताची बोटं रुतवायला खोबण्या आहेत. कितीतरी हातांनी त्यांच्या कडा गुळगुळीत केल्यात. पावलाखाली एक पायरी, हातात एक खोबण, पुढचा हात हलवायच्या आत दोन्ही पाय पक्के. त्या काही मिनिटांत डोक्यात दुसरा विचार येऊच शकत नाही. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाला ही एकाग्रता फार मोलाची वाटते.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. पावसाळ्याच्या आगेमागे सकाळी सूर्य पाठीशी असेल आणि समोरच्या दरीत धुकं दाटलेलं असेल, तर आपली सावली त्या धुक्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत वलय दिसतं. धुक्यातल्या सूक्ष्म थेंबांकडून प्रकाश उलट दिशेला परतल्यामुळे हे घडतं. भटक्यांमध्ये त्याला इंद्रवज्र म्हणतात. प्रत्येकाला स्वतःच्याच सावलीभोवती वलय दिसतं, शेजारी उभ्या असलेल्याच्या सावलीभोवती नाही. वर्षानुवर्षं हरिश्चंद्रगडावर जाऊनही ते न दिसलेले लोक आहेत आणि पहिल्याच खेपेला पाहिलेलेही आहेत.

आणि मग गावं. सह्याद्रीतला ट्रेक गावापासून सुरू होतो आणि गावातच संपतो. राजमाचीवर श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या मध्ये उधेवाडी आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’नं ही माची मराठी वाचकांच्या मनात कायमची वसवली. आज तिथे, बारीत, पाचनईत, प्रबळमाचीवर शेकडो भटके ओसरीवर पाठ टेकतात. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि निघताना घरातल्या बाईचं बजावणं, ‘दादा, पाणी भरून घ्या, वरचं टाकं आटलंय.’ ही माहिती कुठल्याही नकाशात मिळत नाही. टाकं कधी आटतं, कुठल्या ओढ्याला पाऊस थांबल्यावरही पाणी राहतं, कुठली वाट यंदा दरडीनं मोडली, हे गावालाच ठाऊक असतं. हौशी माणसानं गावात न थांबता थेट वर जाणं हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही, त्यात धोका आहे.

हे नातं किती नाजूक जमिनीवर उभं आहे, ते 19 जुलै 2023 च्या रात्री दिसलं. इर्शाळगडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकरांची ती वस्ती गाडली गेली. गडावर जाणाऱ्या भटक्यांची वाट याच वाडीतून जायची. गाडीरस्ता नसल्यानं यंत्रं वर पोचेनात, बचाव पथकांना पावसात, चिखलातून पायी चढून हातांनी माती उपसावी लागली. ज्या अंगणात पाणी प्यायलो ते अंगणच नाहीसं झालं, असं म्हणणारे कितीतरी ट्रेकर मुंबई-पनवेलकडे आज भेटतात.

पावसाळ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक हौशी लोक याच काळात डोंगरात जातात. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटाच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. 24 तासांत 115.6 मिलिमीटरच्या पुढे पाऊस झाला की हवामान खातं त्याला अतिमुसळधार म्हणतं. घाटमाथ्यावर असे दिवस दर मोसमात येतात. हे पाणी पठारावर पडतं आणि ओढ्यांतून खाली येतं. त्यामुळे तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या पठारावरच्या सरीनं ओढा काही मिनिटांत फुगू शकतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कमरेएवढा होतो आणि परतीची वाट बंद होते. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहू लागला, आवाज बदलला, की काठावर यायचं आणि थांबायचं. सह्याद्रीतले ओढे लहान असतात, पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही. ते काही तास थांबायची तयारी नसते, आणि माणसं जातात ती तिथेच. हातात हात घालून साखळी करून फुगलेला ओढा ओलांडायचे व्हिडिओ पाहून कुणी ते करून पाहू नये. तिथे एकाचा पाय घसरला की सगळी साखळी ओढली जाते.

गर्दी हा पावसाळ्याचा दुसरा चेहरा. जुलै 2023 मधल्या एका रविवारी लोहगडाच्या दरवाजांमधल्या पायऱ्यांवर इतकी माणसं साचली, की कित्येक तास कुणाला वर जाता येईना की खाली येता येईना. त्याच लोहगडाचा समावेश जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, सोबत राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी, प्रतापगड असे एकूण बारा किल्ले, त्यातला जिंजी तमिळनाडूतला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण हे दरवाजे शत्रूला एकदम आत शिरता येऊ नये म्हणून मुद्दाम वळणाचे आणि चिंचोळे केलेले आहेत. हजारो माणसांची एकाच वेळची ये-जा त्यांच्या बांधणीतच नाही. शक्य असेल त्यानं आठवड्याच्या मधला दिवस काढावा, नाहीतर यादीबाहेरचा गड निवडावा. मे महिन्याच्या शेवटी राजमाची, पुरुषवाडी, भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला लोटणाऱ्या गर्दीचंही हेच. काजव्यांचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. टॉर्च आणि फ्लॅशच्या उजेडात ती हाक पोचत नाही, आणि एका मोसमात पोचली नाही तर पुढच्या मोसमातले काजवे कमी होतात.

उन्हाळ्यातल्या अडचणी वेगळ्या. मार्चपासून कातळ तापतो, टाकी आटतात, सावली फक्त दरवाजाच्या कमानीत उरते. तीन लिटर पाणी माणशी कमीच पडतं. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं घेत राहणं बरं. आग्या मोहोळाचे हल्लेही कोरड्या दिवसांतच जास्त ऐकू येतात. धूर, उग्र अत्तर, कड्याखालचा आरडाओरडा, एवढं पुरतं. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून शक्य तितक्या लांब निघून जायचं, हातवारे करायचे नाहीत.

एकेकाळी डोंगरात जायचं तर ओळखीच्या क्लबमधूनच जावं लागे. गिरिप्रेमी, चक्रम हायकर्स अशा संस्थांत सीनिअर मंडळी नवख्यांना आधी सॅक भरायला शिकवत, मग दोर धरायला. त्यांतल्याच गिरिप्रेमीनं 2012 मध्ये एव्हरेस्टवर मोठी यशस्वी मोहीम नेली. आता मोबाइलवर एक फॉर्म भरला, पैसे पाठवले की शनिवारी रात्री बसमध्ये जागा पक्की. यानं हजारो लोकांना डोंगर खुला झाला, एकट्या येऊ पाहणाऱ्या मुलींना सोबत मिळाली, ही चांगलीच गोष्ट घडली. पण एका लीडरमागे पन्नास-साठ माणसं असलेला ट्रेक पाहिला की काळजी वाटते. राज्य सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. पैसे भरायच्या आधी नोंदणी आहे का, लीडर किती, त्यांच्यात प्रथमोपचार येणारा कोण, आणि हवामानाचा इशारा आला तर ट्रेक रद्द करता का, एवढे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना जो आयोजक अडखळतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

चूक झालीच, कुणी अडकलंच, तर धावून येणारी माणसं बहुतेक करून स्वयंसेवक असतात. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं भर पावसात, मध्यरात्री दोर खांद्यावर टाकून निघतात. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बहुतेकांना आपल्या नोकरी-धंद्यावर जायचं असतं. राज्यभरच्या अशा पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा हेल्पलाइन क्रमांक निघायच्या आधीच मोबाइलमध्ये ठेवावा, कारण दरीत उतरल्यावर रेंज जाते. कुठल्या वाटेनं चढणार आणि कुठल्या वाटेनं उतरणार, हे घरी लिहून ठेवलेलं असेल तर शोधकार्याचे कितीतरी तास वाचतात.

नव्यानं सुरुवात करायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीसारखे दिवस नाहीत. सुरुवातीला सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात, टाकी भरलेली, दगड कोरडे, हवा स्वच्छ. पहिल्या खेपेला कोरीगड घ्यावा. पेठ शहापूरहून पायऱ्यांनी वर जाता येतं, वर दोन तळी आहेत आणि अखंड तटावरून गडाला पूर्ण फेरी मारता येते, लहान मुलंही हौसेनं चालतात. महिन्याभराच्या आत तिकोना, म्हणजे मंगळवारचं दुखणं निम्म्यावर येतं. त्यानंतर लोहगड-विसापूर एका दिवसात, तोही जमल्यास बुधवारी. पाय तयार झाले की राजगडाला गुंजवण्यातून चढावं आणि पाली दरवाजानं उतरावं. तिकडच्या पायऱ्या रुंद आहेत आणि गुडघ्यांना बऱ्या पडतात, मात्र परतीची गाडी त्या बाजूला आधीच सांगून ठेवावी लागते.